सत्तर अक्षरांच्या ओळी

ऑफिसात तिला सगळे तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे इस्त्री. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून बरंही वाटायचं. नाव ठेवायला लोकांना काहीतरी लागतंच, मग इस्त्री काय वाईट?

नावामागची गंमत अशी. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं मधूनमधून माणसांसाठीही चार शब्द लिहून ठेवतात, की बाबा, इथे हे असं का केलंय. त्याला कॉमेंट म्हणतात. ओळीच्या सुरुवातीला एक खूण टाकली की संगणक ती ओळ वाचतच नाही, सरळ पुढे जातो. आता संगणक वाचत नाही म्हटल्यावर लोक काय, वाटेल तसं खरडतात. एक ओळ स्क्रीनच्या बाहेर पळालेली, तर पुढच्या ओळीत मेले दोनच शब्द. ताईला ते बघवायचं नाही. प्रोग्रॅम लिहायच्या तिच्या एडिटरमध्ये दोन कळा एकदम दाबल्या की असली वेडीवाकडी कॉमेंट सत्तर-सत्तर अक्षरांच्या ओळींत नीट बसायची. बावीस वर्षं ती त्या दोन कळा दाबत आली होती. स्वतःची फाईल असो, दुसऱ्याची असो, वाचताना वाकडी कॉमेंट दिसली की बोटं आपोआप जायची. जाता जाता पलंगावरच्या चादरीचं टोक ओढावं ना, तसं. केलं हेही लक्षात राहत नाही.

कंपनी छोटी होती. औषधांच्या गोदामांत थंड खोल्या असतात, त्या खोल्यांचं तापमान सांभाळणारा प्रोग्रॅम ही मंडळी लिहायची. दार उघडं राहिलं, खोली तापायला लागली, की अलार्म वाजला पाहिजे. एवढंच काम, पण ते चुकलं तर बाकीचं सगळं मुसळ केरात.

आणि ते चुकलं. एका गोदामात रविवारी दार अर्धवट राहिलं, दिवसभर राहिलं, आणि अलार्म वाजलाच नाही. तीन फळ्यांवरची औषधं फेकून द्यावी लागली. सोमवारी सकाळी गोदामाचा व्यवस्थापक फोनवर इतका ओरडला की साहेबांनी फोन कानापासून हातभर लांब धरला, तरी बाहेर टेबलांपर्यंत शब्दन्‌शब्द ऐकू आला.

साहेबांनी ताईला आणि तिच्या भावाला आत बोलावलं.

हो, भाऊ. ताईचा सख्खा धाकटा भाऊ तिच्याच हाताखाली काम करत होता, आणि तिनेच त्याला चिकटवला होता. ऑफिसातही सगळे त्याला धाकटाच म्हणत. आधीच्या नोकरीत त्याच्याकडून एक फाईल पुसली गेली होती. पुसली तर पुसली, पण हा पठ्ठ्या म्हणाला, "मी हातच लावला नाही." दोन दिवसांत उघडं पडलं. नोकरी गेली ती चुकीपायी नाही, खोटं बोलण्यापायी. मग वर्षभर घरी. भावजयीने एकटीने घर ओढलं. शेवटी ताई साहेबांकडे गेली आणि म्हणाली, "एकदा पोळलाय, आता ताकसुद्धा फुंकून पिईल. माझा शब्द." या शब्दावर तो गेले सात महिने इथे होता, आणि सात महिने त्याने मान वर करून बघितलं नव्हतं.

साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्या गोदामाची सेटिंगची फाईल होती. वर एक कॉमेंट, तीन ओळींची. आणि त्या कॉमेंटच्या तिसऱ्या ओळीत, वाक्याच्या शेपटाला चिकटून, "अलार्म चालू" ही सूचना.

"ही ओळ स्वतंत्र हवी होती," साहेब म्हणाले. "कुणीतरी ती कॉमेंटला जोडली. संगणकाने वाचलीच नाही. अलार्म बंदच राहिला. आता मला सांगा, हे उद्योग कुणाचे?"

कॉमेंट धाकट्याची होती. जुना सेन्सर उशिरा कळवतो, म्हणून आकडा बदलू नये, असं काहीतरी त्याने लिहिलं होतं. पण शेवटचा बदल कुणी केला ते नोंदीवरून कळेना. चाचणीच्या खोलीत एकच संगणक, आणि त्यावर सगळेजण एकाच नावाने बसत. नोंदीत नुसतं "चाचणी खोली, मंगळवार, दुपारी" एवढंच. त्या दुपारी तिथे तिघं होती: ताई, धाकटा आणि चाचणी घेणारी मुलगी. चाचणी त्या मागच्या मंगळवारी सकाळीच झाली होती. दुपारच्या बदलात वरवर बघता फक्त कॉमेंट बदललेली दिसली, आणि नुसती कॉमेंट बदलली तर पुन्हा चाचणी घ्यायची नाही, असा ऑफिसचा जुना रिवाज. म्हणून ती फाईल तशीच गोदामात गेली.

"मी कॉमेंट सकाळी लिहिली," धाकटा म्हणाला. "चाचणीच्या आधी. दुपारी मी त्या फाईलला हात लावला नाही."

हात लावला नाही! तेच शब्द. ताईच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

साहेबांनाही ते शब्द माहीत होते, कारण ताईनेच कधीतरी सगळी हकीकत सांगितली होती. ते तिच्याकडे बघत म्हणाले, "शुक्रवारी अकरापर्यंत मला नाव हवंय. चूक कुणाचीही होते ताई, पण लपवणारा माणूस मी थंड खोलीच्या कामावर ठेवणार नाही. तुम्हीच शोधा. तुमचा शब्द होता."

मग काय, ताई शोधायला लागली. आता शोधायचं म्हणजे तिघांनाही तपासायचं, नाही का? पण तिने मुलीला एकदाच विचारलं. मुलगी म्हणाली, "मी दुपारी अहवाल लिहीत होते, फाईल उघडलीच नाही," आणि ताईने मान डोलावली. स्वतःबद्दल तिला आठवत होतं की आपण ती फाईल उघडली होती, पण नुसती वाचायला. वाचून बंद केली. झालं, दोघी सुटल्या. उरला कोण?

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, चहाच्या वेळी तिने त्याला गाठलं.

"कॉमेंटच्या खाली अलार्मची ओळ वेगळी होती?"

"होती ताई. मला नीट आठवतंय. माझ्या दोन लांब ओळी, आणि लगेच खाली ती."

"आठवतंय, की वाटतंय?"

"आठवतंय."

"मग ती चिकटली कशी? पाय फुटले तिला?"

"मला काय माहीत?"

त्याने कप धुतला, पुसला, पुन्हा धुतला. ताईने तेही मनात टिपून ठेवलं. धुतलेला कप कुणी परत धुतं का? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

एकदा संशय घ्यायचा ठरवला की माणूस कशाचाही पुरावा करतो. तो जेवायला लवकर उठला तर टाळतोय. उशिरा उठला तर पाळत ठेवतोय. बुधवारी तो चाचणीच्या खोलीत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं, तर ताई काचेतून वाकून बघून आली. आत तो नुसता बसला होता, हात मांडीवर ठेवून. ती जागेवर परतली आणि विचार करत राहिली, की नुसतं बसायला कुणी दार लोटतं का?

त्याच दुपारी तिने भावजयीला फोन केला.

"काही नाही गं, सहज केला," ती म्हणाली. "मागच्या मंगळवारी तो घरी आला तेव्हा कसा होता? काही बोलला का कामाचं?"

"नाही हो ताई. का? काय झालं?"

"कुठे काय! एक ओळ इकडची तिकडे झालीय, त्याचं चाललंय. तो म्हणतो मी हात लावला नाही." ताई जरा थांबली. थांबली ते मुद्दामच. "मागच्यासारखं नको व्हायला, म्हणून आपलं विचारलं. तू त्याच्याशी बोलून बघ. तुला सांगेल."

मग भावजय एवढंच म्हणाली, "बरं."

गुरुवारी धाकटा आला तो डोळे सुजलेले घेऊन. शर्टाचं बटण चुकीच्या काजात. ताईच्या टेबलापाशी उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "ताई, मीच केलं असेल."

"असेल म्हणजे?"

"तू तीन दिवस विचारतेयस, आठवतंय की वाटतंय. मी खूप आठवून बघितलं. आता मला काहीच आठवत नाही. नुसतं वाटतंय. मागच्या वेळी तरी मला माहीत होतं की मी खोटं बोलतोय. या वेळी तेही माहीत नाही." तो हसल्यासारखं करू लागला, पण जमलं नाही. "तुम्ही सगळे म्हणताय तर मीच असणार. उद्या अकराला साहेबांना सांगतो. घरी सांगून झालंय."

आणि ताईला काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. हो, सुटल्यासारखं वाटलं. सापडला एकदाचा! उठून त्याच्या पाठीवर हातसुद्धा फिरवला तिने, मोठ्या मनाने. म्हणाली, "आधीच सांगितलं असतंस तर एवढं ताणलं नसतं." त्याने मान हलवली आणि जाऊन काम करत बसला.

शुक्रवारी सकाळी चाचणीवाली मुलगी ताईच्या टेबलावर एक कागद घेऊन आली. तिने ती बदनाम कॉमेंट छापून आणली होती. तोंडाची फटकळ पोर, पण कामाला चोख.

"ताई, रागावू नका हं. एक गंमत बघा."

"आता कसली गंमत? झालं ना कबूल करून."

"तेच तर. तुमच्या भावाने आजवर एक तरी कॉमेंट सरळ लिहिलीय का? त्याच्या ओळी गावाबाहेर जातात. आणि ही बघा." तिने पेनाच्या टोकाने अक्षरं मोजून दाखवली. "पहिली ओळ, सत्तरच्या आत. दुसरी, सत्तरच्या आत. तिसरीही. आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला खूण, एका रांगेत. चोर चोरी करून गेला ते गेला, वर इस्त्री करून गेला!"

पोरगी स्वतःच्याच विनोदावर हसली. मग ताईच्या तोंडाकडे तिचं लक्ष गेलं आणि हसू गिळून ती गुपचूप निघून गेली.

ताईने आधी एक प्रोग्रॅमची फाईल उघडली, रोजच्यातलीच. एक लांबलचक कॉमेंट लिहिली, तिच्या खाली प्रोग्रॅमची ओळ होतीच. दोन कळा दाबल्या. कॉमेंट नीट बसली, आणि खालची ओळ होती तिथेच राहिली, ढिम्म. बावीस वर्षं असंच होत आलं होतं.

मग तिने सेटिंगच्या फाईलची एक प्रत काढली, मंगळवार सकाळची, चाचणी झालेली. धाकट्याच्या दोन लांब ओळी. लगेच खाली, एक रिकामी ओळही न सोडता, "अलार्म चालू". तो म्हणाला होता अगदी तस्सं. त्याला नीट आठवत होतं. तिने कॉमेंटवर जाऊन दोन कळा दाबल्या.

तीन ओळी झाल्या. सुबक, सत्तर अक्षरांच्या. आणि तिसरीच्या शेपटाला चिकटून "अलार्म चालू".

तिने ते मागे घेतलं आणि परत केलं. चार वेळा केलं. चारही वेळा तेच.

प्रत्येक प्रकारच्या फाईलसाठी एडिटरचा एक वेगळा मोड असतो. प्रोग्रॅमच्या मोडला कॉमेंट कुठे संपते ते कळत होतं. सेटिंगच्या मोडला ते कुणी शिकवलंच नव्हतं. त्याला फक्त रिकामी ओळ कळायची. ती येईपर्यंत जे सापडेल ते सगळं एकच लिखाण समजून तो एकत्र मळायचा आणि सुरुवातीची खूण प्रत्येक ओळीला लावायचा. ताई स्वतः लिहायची तेव्हा कॉमेंटखाली रिकामी ओळ सोडायची, म्हणून तिचं कधी बिघडलं नाही. त्या मंगळवारी तिने भावाची फाईल "नुसती वाचली" होती. वाचता वाचता वाकडी कॉमेंट दिसली असणार. बोटं गेली असणार. बंद करताना एडिटरने विचारलं असणार, जपून ठेवू का, आणि तिने हो म्हटलं असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि गाव तरी कुठलं, सख्खा भाऊ!

पहिल्यांदा तिने एडिटरलाच शिव्या घातल्या. त्याच दोन कळा, तीच कॉमेंट, मग एका मोडमध्ये शहाणा आणि दुसऱ्यात येडा कसा रे होतोस मेल्या? कुणी बनवलं तुला? पण शिव्या देता देता ती थांबली. ओळ एडिटरने चिकटवली होती, कबूल. पण धाकटा खोटं बोलतोय असं काही एडिटर म्हणाला नव्हता. भावजयीला फोन एडिटरने केला नव्हता.

तिने घड्याळाकडे बघितलं. अकराला सात मिनिटं. भावाची खुर्ची रिकामी.

ती तशीच पळाली. बावन्न वर्षांची बाई, टेबलांच्या मधून, एका पायातली चप्पल सुटलेली. दार न वाजवता आत शिरली. धाकटा साहेबांसमोर उभा होता, हात मागे बांधून.

"तो नाही," ती म्हणाली. "मी केलंय."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ताई, भावासाठी जीव तुटतो ते कळतं मला, पण—"

"अहो, जीव कसला तुटतोय! बघा तरी!"

तिने साहेबांचा कीबोर्ड ओढून घेतला आणि करून दाखवलं. आधी प्रोग्रॅमच्या फाईलमध्ये, मग सेटिंगच्या. साहेब पुढे वाकले. "परत करा," म्हणाले. तिने परत केलं. मग त्यांनी स्वतः करून बघितलं, आणि खुर्चीत मागे रेलून चक्क हसले.

"आयला! म्हणजे तुमच्या इस्त्रीने कापड जाळलं म्हणायचं! घाबरवलंत की मला. असू द्या हो ताई, होतं असं कधीकधी. मुद्दाम थोडंच केलंत? गोदामवाल्यांना मी समजावतो. तो मोड तेवढा दुरुस्त करून घ्या, आणि यापुढे कॉमेंट बदलली तरी चाचणी घ्यायची. बस. विषय संपला."

विषय संपला. इतका सोपा होता.

ताईने भावाकडे बघितलं. तो साहेबांकडेही बघत नव्हता आणि तिच्याकडेही नाही. त्याची नजर स्क्रीनवर होती, त्या तीन सरळ ओळींवर.

"साहेब," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, "मघाशी हा कबूल करत होता, तेव्हा त्याला काय म्हणालात? होतं कधीकधी, असं म्हणालात?"

साहेबांचं हसू मावळलं. टेबलावर धाकट्याच्या नावाचं पाकीट पडलं होतं, ते त्यांनी हळूच उचलून खणात टाकलं. "चला, कामाला लागा आता," ते म्हणाले, पण जरा हळू आवाजात.

बाहेर आल्यावर बोळकांडीत ताईने त्याचा दंड धरला. "मला माफ कर रे. मी तुझं ऐकूनच घेतलं नाही. तू पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतास."

"हो," तो म्हणाला. "तेच आठवायचा प्रयत्न करतोय." त्याने खिशातून फोन काढला आणि तिच्यापुढे धरला. "तिला तू सांग. मी काल सकाळीच घरी सांगून बसलोय की मीच केलं. आता मी फोन करून नाही म्हटलं, तर तिला काय वाटेल? परत फिरवलं याने, हेच ना?"

ताईने फोन घेतला. दुसऱ्याच रिंगला भावजय बोलली. "काढलं का हो तुम्हाला?" घाईघाईत, दबलेल्या आवाजात. नवऱ्याचा नंबर दिसला, तिला वाटलं तोच आहे.

"मी आहे गं, ताई," ती म्हणाली. "नाही काढलं. त्याने काहीही केलेलं नाही. ते माझ्या हातून झालं होतं. तो खरं बोलत होता, पहिल्यापासून."

ताईने फोन कानाशी घट्ट धरला. "ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," भावजय म्हणाली. "परवा तुमचा फोन आला ना ताई, त्या रात्री ते मला सारखं सांगत होते, अगं, मी नाही केलं, देवाशपथ नाही केलं. मी पाठ करून झोपले. म्हटलं, सख्खी बहीण म्हणतेय म्हणजे असणारच." तिचा आवाज फुटला. "काल सकाळीही मी म्हटलं, कबूल केल्याशिवाय माझ्याशी बोलू नका. तेव्हा कबूल झाले. मला वाटलं, मी केवढं शहाणपण केलं."

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही.

"फोन त्यांना द्या," भावजय म्हणाली.

ताईने फोन भावाकडे दिला. त्याने तो कानाला लावला, भिंतीकडे तोंड केलं, आणि बराच वेळ नुसता ऐकत राहिला.

"नाही गं, रागावलो नाहीये," तो शेवटी म्हणाला. "फक्त एक विचारतो. आता तरी विश्वास आहे ना? की तोही ताईने सांगितलं म्हणूनच?"